उभ्यानं आणायची काच

श्रावण उतरणीला लागला की उत्तर गोव्याच्या रस्त्यांवर एक उंच, अरुंद खोका दिसू लागतो. कोलवाळच्या पुलावर, अस्नोड्याच्या वळणावर, शिवोलीच्या तिठ्यावर कुणाच्या तरी पिकअपमध्ये तो उभा असतो. दोन्ही अंगांना उशा, वर प्लास्टिक, आणि गाडीचा वेग इतका बेताचा की सायकलवरून पाव विकणारा पोदेरही तिच्या बरोबरीनं जावा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली असते. मुंबईहून, पुण्याहून, आखातातून माणसं पेडण्याच्या आणि डिचोलीच्या मूळ घरांत परतायची असतात. वर्षभर बंद असलेली दारं उघडतात, भिंतींना रंग लागतो, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या फळांची जमवाजमव सुरू होते. त्याच दिवसांत म्हापशाच्या दुकानांतून मोठमोठे टीव्ही गावागावांत निघतात. भर पावसाचे दिवस, खड्ड्यांचे रस्ते आणि घरात आणली जाणारी सगळ्यात नाजूक वस्तू, हे तिन्ही दरवर्षी एकाच पंधरवड्यात एकत्र येतात.

खोक्यावर छापलेल्या खुणा मी नेहमी थांबून पाहते. वर जाणारे दोन बाण, काचेचा पेला, छत्री. जगभर माल पाठवताना याच खुणा वापरतात, त्यामुळे दूरच्या बंदरातल्या हमालाला आणि म्हापशाच्या दुकानातल्या पोराला एकच गोष्ट कळते: हे उभं ठेवा, आत फुटणारं आहे, भिजू देऊ नका. अक्षरओळख नसलेल्यालाही समजावं म्हणून त्या चितारलेल्या आहेत. मला त्या विनंत्या वाटतात. ज्यांनी तो टीव्ही जोडला, त्यांनी कधीही न भेटलेल्या माणसांना केलेल्या. अशी विनंती एकानं करायची आणि हजारो मैलांवरच्या दुसऱ्यानं पाळायची, यावरच तर ती काच घरापर्यंत पोचते.

आमच्या घरी असा खोका आला तो आईसाठी. पेडणे तालुक्यात पार्से गावात आमचं जुनं घर आहे; चिऱ्यांचं, कौलारू, पुढे खळं आणि खळ्यापासून सोप्यापर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्या. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी दृष्टीचा मधला भाग धूसरच राहिला. जुन्या टीव्हीवर तिला कीर्तनकाराचा आवाज ओळखू यायचा, चेहरा नाही. क्रिकेटच्या सामन्यात आधी चेंडू दिसेनासा झाला, मग धावफलक. ती तक्रार करत नव्हती. फक्त तिची खुर्ची पडद्याच्या जवळ जवळ सरकत होती, आणि मी पणजीहून घरी गेले की ते अंतर आणखी थोडं कमी झालेलं दिसायचं. ती खुर्ची परत भिंतीकडे जावी, तिनं पाठ टेकून निवांत बसावं, एवढ्यासाठी मोठा पडदा हवा होता.

घरात मोठी वस्तू आणायची तर सुरुवात घरापासून करावी लागते. पंचावन्न इंची टीव्ही म्हणजे या कोपऱ्यापासून त्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत 55 इंच. प्रत्यक्षात पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद आणि 69 सेंटिमीटर उंच असतो, आणि खोक्यासकट रुंदी 135 सेंटिमीटरच्या आसपास जाते. मी सुतळी घेऊन दाराची चौकट मोजली, सोप्याचं वळण मोजलं, पायऱ्यांची रुंदी मोजली. जुन्या घरांची दारं बुटकी असतात, पण खोकाही जाडीला वीतभरच असतो. कडेनं वळवला की तो आत येतो. सुतळीला मारलेल्या गाठी घेऊन मी म्हापशाला गेले, आणि दुकानातल्या मुलानं ती सुतळी खोक्याला लावून पाहिली. टीव्हीचं चित्र, रंग, आवाज यांबद्दल त्यानं पुष्कळ सांगितलं असतं. पण सुतळी पाहून तोही थेट नेण्याबद्दलच बोलू लागला.

तो जे सांगत होता त्यामागे काय आहे, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. या पातळ पडद्यात काचेचे दोन पत्रे असतात. प्रत्येकाची जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून फार तर पाऊण मिलिमीटरपर्यंत. दोन पत्र्यांमधली फट आणखी विलक्षण आहे. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन-चार, एवढीच. त्या फटीत द्रवस्फटिक भरलेलं असतं. धड द्रव नाही आणि धड स्फटिक नाही असा हा पदार्थ 1888 साली पहिल्यांदा माणसाच्या नजरेला पडला. प्रागमध्ये काम करणारा फ्रीडरिश रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून तयार केलेलं एक संयुग तापवत होता. 145.5 अंशांना ते वितळलं, पण गढूळ राहिलं. 178.5 अंशांना तो गढूळपणा एकदम निघून गेला. एकाच पदार्थाला वितळण्याची दोन टोकं कशी, या त्याच्या प्रश्नापासून आजच्या पडद्यापर्यंतची वाट सुरू होते. 1968 साली अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर यांच्या चमूनं द्रवस्फटिकावर चालणारे पडदे जगासमोर मांडले. 1977 साली बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचं द्रवस्फटिक शोधून काढलं. पुढे तशाच रेणूंच्या पातळ आवरणांमुळे पडद्यावरचं चित्र कडेनं बसलेल्यालाही नीट दिसू लागलं. गाजरापासून सुरू झालेल्या या कामात आपल्या दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेचाही हात आहे, हे कळल्यापासून मला त्या काचेबद्दल वेगळाच आपलेपणा वाटतो.

या एका पडद्यावर 82,94,400 ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा, निळा असे तीन कप्पे. इतकं सगळं ज्या काचेवर कोरलेलं आहे, ती वाहनात कशी ठेवावी याचा नियम मात्र साधा आहे. वाळलेला पापड दोन टोकांना धरून आडवा ठेवला की मधून वाकतो, आणि हात जरा हलला तरी मोडतो. तोच कडेवर उभा धरला तर ताठ राहतो. काचेचंही तसंच. आडवी झोपवली की तिचं स्वतःचंच वजन तिला मधून खाली ओढतं, आणि रस्त्यावरचा प्रत्येक धक्का ती ओढ वाढवतो. उभी असली की भार कडांवर जातो, आणि कडांना खोक्यातल्या थर्माकोलनं धरून ठेवलेलं असतं. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं 1921 साली दाखवून दिलं की काच दुबळी होते ती तिच्यावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरांमुळे. ताण पडला की तो नेमका चिरेच्या टोकाशी साठतो आणि चीर पळत सुटते. म्हणून आडव्या ठेवलेल्या टीव्हीवर भाजीची पिशवी ठेवणंही घातक. वर फिरवलेला हात गुळगुळीतच लागतो, कारण काचेवर प्लास्टिकचं आवरण असतं; आतली मोडतोड कळते ती वीज सुरू केल्यावर, पडद्यावर शाई सांडल्यागत काळा डाग पसरला की. अशा नुकसानीला वॉरंटीही सहसा लागू होत नाही.

जुन्या टीव्हीचं सगळं उलट होतं. डिचोलीजवळ मुळगावला माझी आत्या राहते. तिच्याकडे रंगीत टीव्ही आला तो ‘रामायण’ सुरू होण्याच्या सुमारास. 25 जानेवारी 1987च्या रविवारी ती मालिका सुरू झाली, आणि त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा घटक राज्य झाला. आत्याचे यजमान, आमचे काका, खाणीच्या मालाचा ट्रक चालवायचे. मुळगाव, लामगाव, शिरगावच्या खाणींतून निघालेलं लोहखनिज सारमानसच्या, आमोण्याच्या धक्क्यावर न्यायचं. तिथून बार्जमधून मुरगाव बंदर. रस्ता तांबडा, झाडं तांबडी, घरांच्या भिंती हात-दोन हात उंचीपर्यंत तांबड्या. त्या रस्त्यानं काकांनी टीव्ही आणला तो ट्रकच्या केबिनमध्ये, उशीवर पालथा घालून, पडदा खाली. तेव्हाच्या टीव्हीत हवा काढून घेतलेली मोठी काचेची नळी असायची. तिची समोरची काच बोटाच्या जाडीची, आणि बहुतेक वजन त्याच बाजूला. म्हणून मऊ गादीवर तोंड खाली करून ठेवणं हाच त्याचा सुरक्षित प्रवास. एकवीस इंची पडद्याला वीस किलोच्या वर भार. दोन माणसं लागायची, पण ती वजन उचलायला. एकदा जागेवर बसला की तो हलायचा नाही, आणि पोरांनी त्याला रेलून अभ्यास केला तरी त्याला काही होत नसे.

त्या काळात गोव्याच्या खनिजाचा मोठा गिऱ्हाईक जपान होता. डिचोलीच्या डोंगरांची माती जहाजांतून तिकडे जायची, आणि आखातात नोकरीला गेलेले आमचे लोक सुटीवर येताना जपानी टीव्ही घेऊन दाबोळीच्या विमानतळावर उतरायचे. कोणत्या खनिजाचं पुढे काय झालं हे कुणाला माहीत. पण मुळगावच्या सोप्यावर बसून तो चकचकीत पेटारा पाहताना, आपल्या रस्त्यावरून ट्रक कुठे जातात याचं एक उत्तर समोर आहे असं आम्हा मुलांना वाटायचं. पुढे पातळ टीव्ही आले तेव्हा दुबईहून येणारी माणसं ते ब्लँकेटांत गुंडाळून विमानातून आणू लागली. 26 ऑगस्ट 2013पासून सरकारनं प्रवाशाच्या सामानातून येणाऱ्या सपाट टीव्हीला मिळणारी करमाफी काढून घेतली, आणि सरकत्या पट्ट्यावर त्या लांब गाठोड्याची वाट पाहत उभी असलेली माणसं हळूहळू कमी झाली. आता तो प्रवास समुद्रातून कंटेनरमध्ये होतो. काचेचा पॅनेल बहुधा पूर्व आशियात घडतो, जोडणी आपल्या देशात होते. हजारो किलोमीटर तो यंत्रांनी बांधलेल्या शिस्तीत येतो. दुकान ते घर हा शेवटचा तुकडा मात्र माणसांच्या हातात असतो.

दुकानाची गाडी त्या आठवड्यात मिळण्यासारखी नव्हती, म्हणून आमच्या वाड्यावरच्या भाऊंना सांगितलं. त्यांची छोटी मालगाडी आहे. 2005 साली बाजारात आल्यापासून लोक जिला छोटा हत्ती म्हणतात ती. भाऊ तिच्यातून चिरे नेतात, माड-सुपारीची रोपं नेतात, लग्नाची भांडी नेतात. मुळगावहून आत्याचा नातूही आला. साखळीच्या सरकारी महाविद्यालयात शिकतो, अंगानं सडपातळ, बोलण्यात कमी. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं सुचवलं, मोटारीत मागची सीट पाडून आडवा घाला, पंधरा-वीस मिनिटांचा तर प्रश्न. भाऊ लगेच म्हणाले, “आडवो घालूंक जावचो ना.” त्यांच्या आवाजात मला कुठलीही माहितीपत्रकं वाचल्याचा अभिनिवेश ऐकू आला नाही. ज्यानं आयुष्यभर रस्त्याचे धक्के गाडीच्या चाकातून स्वतःच्या पाठीत घेतले आहेत, त्याला पातळ वस्तूचं दुःख कळतं.

भाऊंनी खोका केबिनच्या पाठीला लावून उभा केला. मागच्या टोकाला गाडी जास्त उसळते, पुढच्या चाकांकडे सरकलं की धक्का कमी लागतो, हे त्यांनी नातवाला हातानंच दाखवलं. पडद्याची बाजू केबिनच्या सपाट पत्र्याकडे, आणि दोहोंच्या मध्ये आईनं पाठवलेली वाकळ. तिच्या जुन्या नऊवारींची, घट्ट टाके घातलेली. खोक्याच्या पायाशी भाताच्या कोंड्याची दोन पोती आवळून बसवली, म्हणजे तो मागे सरकणार नाही आणि पोतं त्याला बोचणारही नाही. काथ्याचा दोर भाऊंनी बाजूला ठेवला. दोर पुठ्ठ्यात रुततो, आणि मधोमध आवळला तर त्याचा दाब थेट काचेवर जातो. त्याऐवजी रुंद सुती पट्टे घेतले, आणि ते दोन्ही कडांजवळून, जिथे आत थर्माकोल आहे तिथूनच फिरवले. पट्टा किती आवळायचा, हे नातवाला त्यांनी खोक्यावर त्याचाच तळहात ठेवायला लावून शिकवलं: खोका हलू नये, पण पुठ्ठाही दबू नये. शेवटी ताडपत्री घातली. दिवस पावसाचे होते आणि छत्रीची खूण बाहेरच्या बाजूला आली होती.

पार्शाला जायचे दोन रस्ते. एक हमरस्त्यानं कोलवाळच्या पुलावरून धारगळ आणि तिथून तुयेमार्गे. दुसरा शिवोलीवरून चोपड्याच्या पुलानं. हमरस्ता रुंद आहे, पण तिथे मागून येणारी गाडी तुम्हाला सावकाश जाऊ देत नाही. भाऊंनी शिवोलीचा रस्ता धरला. वळणं जास्त, पण वेग माणसाच्या हातात. मी माझ्या गाडीनं त्यांच्या मागे होते आणि माझ्यामागे कुणी घाई करणारा आला की त्याला हातानं थांबवत होते. रंबलर आले की भाऊ जवळजवळ थांबायचे. आधी पुढची चाकं उतरायची, मग मागची. खड्डा चुकवण्यासाठी त्यांनी एकदाही झटका मारला नाही. चुकवता न येणारा खड्डा त्यांनी सावकाश पार केला, कारण एकदम वळण घेतलं की उभ्या वस्तूला आडवा हिसका बसतो. पावसाची एक मोठी सर आली तेव्हा त्यांनी गाडी एका दुकानाच्या पडवीला लावली, ताडपत्रीचे कोपरे पुन्हा खोचले आणि सर जाईपर्यंत आम्ही तिघं तिथेच थांबलो. बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, किती इंची? नातवानं सांगितलं. मग त्यांच्यातल्या एकानं आपल्या घरचा टीव्ही कसा आला ते सांगितलं, दुसऱ्यानं शेजाऱ्याचा कसा फुटला ते सांगितलं, आणि सर ओसरली.

चोपड्याच्या पुलावरून खाली शापोरा नदी दिसते. त्या दिवसांत गढूळ, रुंद, दोन्ही काठांना चढलेली. पूल होण्याआधी इथे फेरीबोट होती. आमच्या घरचा पहिला टीव्ही तिच्यातूनच आला. बाबा फेरीच्या लोखंडी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि टीव्ही त्यांच्या मांडीवर. उत्तरेच्या टोकाला केरीहून थेट तेरेखोलला जायला अजूनही फेरीच आहे, आणि त्या वाटेनं तिथल्या घरांत येणारी प्रत्येक मोठी वस्तू आधी पाणी ओलांडते. फेरीवर कुणाकडे नाजूक वस्तू असली की आजूबाजूची माणसं आपसूक सरकून जागा करतात. न सांगता एखादा हात कठड्याच्या बाजूला धरला जातो. मी लहानपणी हे पाहिलं आहे, आणि रस्त्यावर ते पुन्हा पाहावं अशी माझी इच्छा आहे.

पुलापलीकडे आगरवाड्याची मिठागरं पावसात बुडालेली होती. पार्शाच्या भगवतीच्या देवळाकडून आमच्या वाड्याची वाट वळते आणि अरुंद होते. शेवटच्या तुकड्यात गाडी जात नाही. तिथून खोका हातांनी न्यायचा. शेजारच्या घरांतून दोघं-तिघं आले. कुणी बोलावलं नव्हतं. एकानं चपला काढल्या, कारण पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि अनवाणी पाय जास्त घट्ट रोवतो. मी पाहत होते की सगळ्यांनी खोका खालच्या कडेला धरला आहे, मधल्या सपाट भागाला कुणाचा तळहातही टेकलेला नाही. यांना हे कुणी शिकवलं? याच वाटेवरून दरवर्षी त्यांनी न भाजलेल्या मातीचा गणपती पाटावर बसवून आणलेला आहे. ओल्या हवेत मातीचं बोट, मातीचा कान सांभाळत आणलेला आहे. पायरीवर पुढच्यानं कधी थांबायचं, मागच्यानं कधी उचलायचं, वळणावर कोणाचा खांदा आधी जाणार, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

घरात आल्यावर मी त्यांना खोका लगेच उघडू दिला नाही. दुकानात वातानुकूलन होतं आणि बाहेरची हवा पावसानं भिजलेली. गार काच एकदम दमट हवेत आली की आत बाष्प धरण्याची भीती असते. काही तास तो बंदच राहू द्यावा हे बरं. आई म्हणाली, “पयलीं च्या घेयात.” मग सगळे सोप्यावर बसले आणि मध्ये भिंतीला टेकून तो खोका उभा. पावसाच्या आवाजात गप्पा सुरू झाल्या. आईनं खोक्याच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला, बाण कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं चाचपलं आणि विचारलं, “उबोच आसलो मगे?” सगळ्या वाटेवर उभाच होता, असं भाऊंनी तिला सांगितलं. तिनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्या दुपारी मला दशावतारी मंडळींची आठवण झाली. पेडण्याच्या जत्रांत रात्रभर दशावतार चालतो. पूर्वी ही नटमंडळी गावोगाव चालत जायची आणि पोशाख, मुखवटे, शस्त्रं ठेवलेला पेटारा स्वतःच वाहायची. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं. मी ते नेहमी कष्टांचं वर्णन म्हणून ऐकलं होतं. त्या दिवशी मला त्यात दुसरीही गोष्ट दिसली. चित्र, नाटक, देवादिकांची रूपं आमच्या गावांत कायम कुणाच्या तरी अंगावर बसूनच आली आहेत. मुकुट चेपू नये, रंग उडू नये, म्हणून पहाटेच्या ओल्या पायवाटेवर कुणीतरी मान ताठ ठेवून चाललं आहे. आज तेच चित्र काचेच्या दोन पत्र्यांमधून येतं, आणि तरीही शेवटची वाट चालायला माणूसच लागतो. गावात रंगमंच उभा राहायचा तो वाहणाऱ्यांच्या जोरावर. आईच्या सोप्यावर पडदा लागला तोही तसाच.

संध्याकाळी खोका उघडला. खालच्या क्लिपा काढून पुठ्ठा वर उचलला, म्हणजे टीव्हीला उचलावं लागत नाही, आवरणच त्याच्यावरून निघून जातं. दोघांनी दोन कडा धरून तो आईच्या जुन्या शिसवी टेबलावर उभा केला. भिंतीवर टांगायचा विचार सोडून दिला, कारण आमच्या चिऱ्यांच्या भिंतीवरचा मातीचा गिलावा पावसाळ्यात मऊ होतो आणि स्क्रूला घट्ट धरत नाही. मागे भिंतीशी पट्टा बांधला, टेबल कधी हललं तरी तो पुढे येऊ नये म्हणून. मग वीज. मी पांढरा रंग लावून पडद्याचे चारही कोपरे नीट पाहिले. एकही डाग नाही, एकही रेघ नाही. कीर्तन लावलं. आईनं खुर्ची मागे नेली, भिंतीला टेकवली आणि बुवांकडे बराच वेळ पाहिलं. “हे किती थकले आहेत,” ती म्हणाली. एवढे दिवस फक्त आवाज ऐकत असल्यामुळे तिच्या मनात ते तरुणच राहिले होते.

जगातल्या वस्तू दिवसेंदिवस पातळ होत चालल्या आहेत. पूर्वी टीव्हीला त्याचं वजन सांभाळायचं. बोटभर जाडीची काच, लाकडाचा पेटारा, वीस किलोंचा भार. आता ती जाडी निघून गेली आहे, आणि तिची जागा कशानं भरून काढायची तर माणसाच्या काळजीनं. वस्तू जितकी नाजूक, तितकी तिच्याभोवती जास्त माणसं उभी राहावी लागतात: सुतळीनं दार मोजणारा, वाकळ पाठवणारी, पट्ट्याचा ताण तळहातानं तपासणारा, पडवीत थांबू देणारा, मागून हॉर्न न वाजवणारा, न बोलावता पायरीवर येणारा. यांपैकी एकानं घाई केली असती तर बाकी सगळ्यांचं काम वाया गेलं असतं. म्हणून सावकाश जाणाऱ्या त्या गाडीमागे थांबणं हे मला फार मोलाचं काम वाटतं. ती वाहतूक अडवत नसते. एखाद्या घराचा सण ती सांभाळून नेत असते.

आणि ही विद्या एका वस्तूपुरती राहत नाही. डिचोलीच्या मातीकामाची ख्याती जुनी आहे. तिथल्या कुंभारांनी मडकी पेंढ्यात बसवून बाजारात नेली, चित्रशाळांतल्या हातांनी मूर्ती घडवल्या, आणि त्या सुखरूप घरी नेणारे हात प्रत्येक घरानं आपापले तयार केले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुळगावहून आत्याचा फोन आला. घरचा गणपती दरवर्षी काकाच आणायचे. यंदा गुडघे साथ देत नाहीत म्हणून पाट कोणी उचलायचा हा प्रश्न होता. पार्शाहून परतल्यावर नातवानं टीव्ही कसा आणला ते काकांना तपशिलानं सांगितलं होतं, आडवा का घालायचा नाही इथपासून पट्टा कुठून फिरवायचा इथपर्यंत. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग पाट तूच घे. तो चित्रशाळेतून घरापर्यंत चालत आला, आणि काका त्याच्या पुढे चालत वाट मोकळी करत राहिले. मी आत्याला विचारलं, कसा आणला? ती म्हणाली, “सवकास.” गावाला पुढची कित्येक वर्षं पुरेल असा आणखी एक हात तयार झाला आहे.